तुळजापूर नाका ते विजापूर वेस

सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांना गावाने नावे दिली ती पोचायच्या ठिकाणावरून. विजापूर रोड, तुळजापूर रोड, अक्कलकोट रोड, हैदराबाद रोड. नावे जुनी आहेत आणि रस्तेही बहुतांशी तेच आहेत. पण त्या रस्त्यावर मोटारसायकल घेऊन निघालेल्या माणसाला कोणाचा कायदा लागू होईल, याचे उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. आमच्या आजोबांच्या पिढीला तुळजापूर म्हणजे परमुलुख होता आणि विजापूर आपल्याच इलाख्यातले. आज तुळजापूर आपले आणि विजापूर परराज्यातले.

मी आयुष्यभर सोलापूरच्या न्यायालयात मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवले. त्यामुळे वाहनकायद्याची पुस्तके मी अभ्यासकाच्या हौसेने उघडली नाहीत. अशील समोर बसलेला असताना उघडली. निवृत्तीनंतर मात्र जुने कायदे, त्यांच्या दुरुस्त्या आणि राज्यपत्रांतले नियम सवडीने वाचले, आणि एक गोष्ट लक्षात आली. कायदा सर्वत्र सारखा करण्याचा प्रयत्न या देशात पुन्हा पुन्हा झाला. प्रत्येक वेळी कलमे सारखी झाली, पण फरक मात्र दुसऱ्या कुठल्या तरी जागी जाऊन बसला. तो कुठे कुठे जाऊन बसला, हे पाहायला सोलापूरसारखे गाव नाही.

सुरुवात प्रांतांनी केली. बंगालने १९०३ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये मोटारींसाठी आपापले कायदे केले. तेव्हा इलाखाभर मोटारी त्या किती असणार! पण मोटारीचा गुण असा, की ती बैलगाडीसारखी तालुक्यात राहत नाही. एका प्रांताची नोंदणी दुसऱ्याने मानायची की नाही, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि १९१४ मध्ये सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला. गाडीची नोंदणी, चालवणाऱ्याकडे परवाना, अठरा वर्षांखालच्याने गाडी चालवायची नाही, ही चौकट तेव्हाची. तपशिलाचे नियम करण्याचा अधिकार मात्र प्रांतिक सरकारांकडेच ठेवला. केंद्राने कायदा करायचा आणि नियम प्रांताने करायचे, ही वाटणी आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

पण 'ब्रिटिश हिंदुस्थान' या शब्दाचा अर्थ सोलापुरात बसून नकाशावर पाहावा. तुळजापूरच्या रस्त्याने वीसएक किलोमीटर गेले की निजामाचे राज्य. नळदुर्ग, उस्मानाबाद, खाली गुलबर्गा, गाणगापूर, हे सगळे हैदराबाद संस्थान. अक्कलकोट हे भोसल्यांचे वेगळे संस्थान. पश्चिमेला मंगळवेढे भौगोलिकदृष्ट्या जिल्ह्यात, पण मालकी सांगलीच्या पटवर्धनांची. या कुठल्याही हद्दीत दिल्लीचा १९१४चा कायदा आपोआप लागू होत नसे. संस्थानाने स्वतःचे नियम करावेत किंवा इंग्रजी नियमांची नक्कल करावी. छोटी संस्थाने नक्कल करून मोकळी होत. निजामाचे तसे नव्हते. त्याचा कारभार उर्दूतून, वर्ष फसली आणि नाणे हाली. सहा इंग्रजी रुपयांना सात हाली रुपये हा ठरलेला भाव; म्हणजे तिकडे सात रुपये भरायचे असतील तर आपल्या खिशातून सहा जात. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. देवीच्या दर्शनाला जाणारा सोलापूरकर असा राज्य, नाणे, भाषा आणि पंचांग ओलांडून जात होता. आणि हेही सांगितले पाहिजे, की मोटारीच्या बाबतीत निजाम मागे नव्हता. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. आपली एस.टी. धावली ती १९४८ मध्ये.

विषयांतर वाटले तरी गोव्याचा दाखला इथे देतो, कारण प्रदेशागणिक कायदा वेगळा असण्याचे याहून ठळक उदाहरण मराठी मुलखात नाही. १९२८ मध्ये पोर्तुगालने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. वसाहतींनाही तसा हुकूम झाला. पण ज्या वसाहतींची हद्द डावीकडून चालणाऱ्या शेजाऱ्याला लागून होती त्यांना वगळावे लागले आणि गोवा डावीकडेच राहिला. लिस्बनच्या सार्वभौमत्वापेक्षा सावंतवाडी-बेळगावचा रस्ता जड ठरला. सीमेवरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

१९३९च्या कायद्याने १९१४चा कायदा बाजूला सारला. त्याआधी १९३५च्या भारत सरकार कायद्यात 'यंत्राने चालणारी वाहने' हा विषय केंद्र आणि प्रांत यांच्या समाईक यादीत गेला होता. पुढे आपल्या संविधानानेही तो तिथेच ठेवला. समवर्ती सूचीतली ३५वी नोंद म्हणजे वाहने. पण वाहनांवरचा कर राज्याच्या सूचीत, ५७वी नोंद. शिवाय रस्त्यावर उभा असलेला पोलीस राज्याचा. चालवण्याचा परवाना मात्र १९३९पासून देशभर चालणारा झाला. आज आपण तो इतका गृहीत धरतो, की त्यामागे पंचवीस वर्षांची खटपट आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे मेजर जनरल चौधरींच्या फौजा सोलापूरहून हैदराबाद रोडने निघाल्या आणि त्याच दिवशी नळदुर्ग पडले. त्याआधी, मार्चमध्ये, अक्कलकोट मुंबई राज्यात विलीन झाले होते. पण खरी अदलाबदल १ नोव्हेंबर १९५६ची. त्या दिवशी राज्यपुनर्रचनेत उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात आला आणि त्याच दिवशी विजापूर, बेळगाव, धारवाड म्हैसूर राज्यात गेले. गुलबर्गाही म्हैसूरकडे. सोलापूरच्या उत्तरेची सीमा पुसली गेली आणि दक्षिणेला, भीमा नदीवर, ती नव्याने आखली गेली. विजापूरचे लोक १९०४पासून आपल्याच कायद्याखाली गाडी चालवत होते. त्यांच्या पाट्यांवर आता म्हैसूरची अक्षरे आली. कायद्याच्या दृष्टीने विजापूर वेस आणि तुळजापूर नाका यांनी एका रात्रीत जागा बदलल्या.

पुनर्रचनेने हाती आलेले जुने कायदे जुळवायला राज्यांना दोन-तीन वर्षे लागली. म्हैसूरने वाहनकराचा आपला कायदा १९५७ मध्ये केला. मुंबई राज्याने १९५८ मध्ये. इलाख्याचा, निजामाचा आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाचा असे वेगवेगळे कर त्यात एकत्र केले. पाठोपाठ १९५९चे मुंबई मोटार वाहन नियम आले. भीमेच्या दोन्ही काठांवर केंद्राचा कायदा आता एकच होता, पण कर वेगळा आणि नियमांचे पुस्तक वेगळे. त्यातून जो प्रकार सुरू झाला तो अजून चालू आहे. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली की तिथे नवी नोंदणी, त्यासाठी इथले ना-हरकत पत्र, तिथे पुन्हा कर. सोलापूरचा मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागला आणि त्याने एमएच १३ ची मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलने नेली, की वर्षभरात हा प्रश्न त्याच्या दारात उभा राहतो. कर्नाटकाने २०१४ मध्ये बारा महिन्यांऐवजी तीस दिवसांतच आजीव कर मागायचे ठरवले होते. तिथल्याच उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली.

हेल्मेटाचा इतिहास मला त्याच्या खटल्यांमुळे आवडतो. सुरुवात एका मेंदूशल्यविशारदापासून होते. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकलवरून पडून गेले. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे डॉक्टर होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये शोधनिबंध लिहिला आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. साध्या नागरिकांवर ही सक्ती प्रथम आली ती ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, १९६१ मध्ये. ब्रिटनमध्ये १९७३, तिथेही तीनच वर्षांत पगडीधारी शिखांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडे हैदराबाद रोडच्या दुसऱ्या टोकाला आंध्र प्रदेशाने नियमातून हेल्मेट सक्तीचे केले, तेव्हा एक नागरिक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचे म्हणणे, मुक्त संचाराचा मूलभूत हक्क हिरावला जातो. १९८८ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. त्याच वर्षी नवा मोटार वाहन कायदा आला. त्याचे १२९वे कलम साऱ्या देशासाठी हेल्मेट सक्तीचे करते, पगडीधारी शिखांना वगळते आणि शेवटी एक परंतुक जोडते, की राज्य सरकारला योग्य वाटतील ते अपवाद नियमाने करता येतील. सगळी मेख त्या परंतुकात होती. दिल्लीने त्याच्या आधारे स्त्रियांना मोकळे सोडले, आणि २०१४ मध्ये ती सवलत शीख स्त्रियांपुरती आणली. एकाच कलमाखाली दिल्लीतल्या बाईचे डोके पंधराएक वर्षे ऐच्छिक होते आणि बाकी बऱ्याच ठिकाणी सक्तीचे.

आपल्याकडे तर 'हेल्मेटसक्ती' असा जोडशब्दच तयार झाला आणि त्यातल्या 'सक्ती'वरच भांडण झाले. पुण्यात विरोधासाठी कृती समिती निघाली. २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असे जाहीर केले आणि काही दिवसांतच ते मागे पडले. सोलापूरने समिती वगैरे काढली नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना डोक्यावर ते भांडे कोण घेणार, असे म्हणून रुमाल बांधायचा आणि पुढच्या चौकात पोलीस आहे का ते बघायचे, ही आमची पद्धत. मी तिचे समर्थन करत नाही. शवविच्छेदनाच्या अहवालांत 'कवटीचे अस्थिभंग' हे शब्द मी आयुष्यात इतक्यांदा वाचले आहेत, की या वादात मला कधी रस वाटला नाही.

अमेरिकेतही हीच तऱ्हा आहे. १९६६ मध्ये केंद्राने रस्त्यांचा निधी अडवण्याची भीती घालून बहुतेक राज्यांकडून हेल्मेटचा कायदा करवून घेतला. १९७६ मध्ये ती भीती काढली आणि राज्यांनी कायदे सोडायला सुरुवात केली. इलिनॉय आणि आयोवात आजही हेल्मेटचा कायदाच नाही. शिकागोत राहणारी मराठी मुले घरी फोटो पाठवतात त्यात डोके उघडे असेल, तर ते तिथे बेकायदा नाही, एवढे आईवडिलांनी ध्यानात ठेवावे. काळजी करायची ती करावीच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट आहे. पूर्व भागातल्या एका पद्मशाली कुटुंबातला तरुण चादरी आणि टॉवेल मोटारसायकलवर लादून भीमेपलीकडच्या आठवडी बाजारांना जायचा. राजदूत गाडी, मागे दोन गठ्ठे. एका संध्याकाळी परत येताना, नदीच्या अलीकडे यायला थोडेच अंतर उरले असताना, ट्रकने त्याला उडवले. बायको पंचविशीतली, दोन मुले. घरची भाषा तेलुगू, शाळा झाली ती मराठीत, सातवीपर्यंत. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल होती, ती कन्नडमध्ये.

तेव्हा १९३९चा कायदा चालू होता. त्याच्या ११०-अ कलमात लिहिले होते, की ज्या हद्दीत अपघात झाला तिथल्याच न्यायाधिकरणात अर्ज करावा, आणि तो सहा महिन्यांच्या आत करावा. अपघात नदीच्या पलीकडे झाला होता, म्हणून विजापूर. अलीकडे झाला असता तर सोलापूर, म्हणजे तिच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटे.

मी तिला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, "वकीलसाहेब, गाडी आपली, लायसन आपलं, माणूस आपला. मग कोर्ट त्यांचं कसं काय?"

यावर माझ्याकडे कलमाखेरीज उत्तर नव्हते. मृताचा परवाना सोलापूरचा होता. विजापूरला विमा कंपनीच्या वकिलाने तो पाहिला आणि निमूट परत दिला, कारण परवाना देशभर चालतो. परवान्याला भीमा ओलांडायला कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच वाट करून दिली होती. विधवेच्या दाव्याला अलीकडे यायला वाट नव्हती.

विजापूरच्या एका वकीलमित्राकडे प्रकरण दिले. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला ती पहाटेची एस.टी. धरायची, धाकट्याला कडेवर घेऊन. विडीच्या कारखान्यातला त्या दिवसाचा रोज बुडायचा. न्यायालयात काय बोलले जाते ते तिला कळायचे नाही. साक्षीच्या दिवशी दुभाषी हवा होता, तो तेलुगू जाणणारा मिळाला नाही, मराठी जाणणारा मिळाला. चौथ्या वर्षी समोरच्यांनी तडजोडीचा आकडा पुढे केला. दावा सोलापुरात असता तर मी तिला तो घेऊ दिला नसता. तिने घेतला. तिचे गणित चुकीचे होते असे मला म्हणता येत नाही, कारण पुढच्या तारखांचा खर्च तिलाच करायचा होता.

असे दावे माझ्याकडे आले तेवढेच नसणार. विजापूर आणि गुलबर्ग्याकडून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला येणाऱ्या कन्नड भाविकांचे हेच उलट्या बाजूने होत असे. त्यांच्यातला कोणी मोहोळजवळ दगावला तर इंडीच्या बाईने सोलापूरच्या न्यायालयात मराठी कागद घेऊन बसावे. आणि दाव्यासाठी आलेली निदान दिसली तरी. सहा महिन्यांत पोचल्याच नाहीत त्यांची नोंद कुठल्या दप्तरात असणार?

१९८८च्या नव्या कायद्यानेही हे कलम, १६६ या नव्या आकड्याखाली, जवळजवळ तसेच ठेवले. बदल झाला तो १९९४च्या दुरुस्तीने, १४ नोव्हेंबरपासून. अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुभा मिळाली. प्रतिवादी जिथे राहतो तिथेही चालेल. आणि सहा महिन्यांची मुदत काढूनच टाकली. माझ्या मते सीमेवरच्या दुचाकीस्वाराच्या दृष्टीने या देशात झालेली ही सर्वांत मोठी कायदेशीर सुधारणा. तिच्यावर एकही मोर्चा निघाला नाही आणि कुठल्या अग्रलेखाचा विषय झाल्याचे मला आठवत नाही. आमच्या बाररूममध्ये मात्र त्या आठवड्यात जुन्या फायली उघडून, कोणाला अजून अर्ज करता येईल, याचा शोध चालला होता.

२०१९च्या दुरुस्तीच्या वेळी याच्या उलट झाले. १ सप्टेंबरपासून दंड अनेक पटींनी वाढले. हेल्मेटविना एक हजार रुपये आणि तीन महिने परवाना निलंबित. राज्याला अपवाद करू देणारे ते परंतुकही गेले. पण तडजोड शुल्क ठरवण्याचा राज्यांचा अधिकार २००व्या कलमात शिल्लक होता, आणि फरक आता तिथे जाऊन बसला. गुजरातने दहा दिवसांत हेल्मेटचा दंड पाचशेवर आणला. कर्नाटकाने महिना संपायच्या आत तेच केले. तेलंगणाने नवे दंड लावणार नाही असे सांगितले. विधानसभेची निवडणूक तोंडावर असलेल्या महाराष्ट्राने अंमलबजावणी थांबवली आणि जुनेच दर चालू ठेवले. नवे शुल्क लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. सोलापूरच्या पूर्व भागातून तेलंगणातल्या आपल्या मूळ गावी मोटारसायकलने निघालेला माणूस उमरग्यापर्यंत महाराष्ट्रात, मग बसवकल्याण-हुमनाबादला कर्नाटकात आणि जहिराबादला तेलंगणात. त्या सप्टेंबरात त्याच्या उघड्या डोक्याची किंमत एका दिवसात तीनदा बदलत होती.

हजार की पाचशे, यावर सगळा देश महिनाभर बोलला. त्याच दुरुस्तीत १६६व्या कलमात दोन ओळी परत घातल्या गेल्या होत्या, त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत केल्याखेरीज नुकसानभरपाईचा अर्ज स्वीकारला जाणार नाही. १ एप्रिल २०२२पासून हे लागू झाले. म्हणजे १९९४ने दिलेल्या दोन गोष्टींपैकी घराजवळचे न्यायालय राहिले आणि मुदत परत आली.

त्याबरोबरच नवे नियमही आले. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, पुढचा तपशीलवार अहवाल ठरलेल्या मुदतीत द्यायचा. कागदावर व्यवस्था चांगली आहे आणि एकाच राज्यात अपघात झाला तर उपयोगीही पडेल. पण अपघात भीमेपलीकडे आणि बायको-मुले सोलापुरात, तेव्हा अहवाल जातो तिकडे आणि माणसे असतात इकडे. तिकडच्या ठाण्यातून नकला मिळवायच्या, त्या कन्नडमधून मराठीत करून घ्यायच्या, वारसांचे दाखले जमवायचे. तेरावे होईपर्यंत कोणी वकिलाकडे जात नाही, आणि त्यानंतरही घरातले वडीलधारे म्हणतात, एवढ्यात पैशाचं काय काढता.

मी आता न्यायालयात जात नाही. तरी जुने अशील कोणाकोणाला पाठवतात. गेल्या वर्षी अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कामगाराचा मेहुणा आला होता. अपघात चडचणच्या बाजूला झालेला, पिशवीत कन्नड कागद. तारीख विचारली आणि बोटांवर महिने मोजले. एकोणीस दिवस उरले होते. भाषांतर करणारे एक निवृत्त शिक्षक विजापूर वेशीजवळ राहतात. त्यांना फोन केला आणि त्याला तसाच रिक्षात बसवून तिकडे पाठवले.